नोंदीतली लाथ काढून टाकणेबाबत

अष्टमी गावच्या हवालदार महिपती भगतांना एकाहत्तरच्या लढाईत डाव्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा लागला होता, हे अष्टमीत सगळ्यांना ठाऊक होतं. पूल ओलांडून रोह्यातही बऱ्याच जणांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं ते एकतर नव्याने राहायला आलेले असत, किंवा त्यांनी हवालदारांना "काय, बरं हाय ना?" असं कधी विचारलेलं नसे. जखमी सैनिकाला मिळतं ते मेडल कुठे आहे, असं कुणी विचारलं तर हवालदार शांतपणे सांगत, "पोस्टात हाय." हे ते पंचाहत्तर सालापासून सांगत होते. लष्कर सुटलं, धाटावच्या कंपनीत गेटवरची नोकरी झाली, तीही संपली, वयाची चौऱ्याहत्तरी आली, पण मेडल पोस्टातून काही हललं नव्हतं.

तर गेल्याच्या गेल्या वर्षी पेन्शनवाल्यांच्या सगळ्या नोंदी संगणकावर चढवल्या गेल्या आणि प्रत्येकाने आपली नोंद एकदा तपासून घ्यावी असं कळवण्यात आलं. हवालदारांची सून नूतन पुलाजवळच्या दुकानातून दोन पानं छापून घेऊन आली. ओटीवर तेव्हा शेजारचे शिवाभाऊ पेपर वाचत बसले होते. शिवाभाऊ निवृत्त तलाठी. कुठलाही सरकारी कागद उघडला जात असला की त्यांचा पाय आपोआप त्या घराकडे वळे.

नूतन इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागली. नाव बरोबर, जन्मतारीख जवळपास बरोबर. "जखम, डावी मांडी," ती म्हणाली. हवालदारांनी शिवाभाऊंकडे पाहिलं. शिवाभाऊंनी मान हलवली.

"जखमेचं कारण..." असं म्हणून नूतन थांबली.

"वाच की."

"बाबा, इथे काहीतरी चुकलंय."

"चुकलेलं बी वाच."

"म्यूल किक."

शिवाभाऊंनी पेपराची घडी घातली. "म्यूल म्हंजे खेचर," ते म्हणाले, "आणि किक म्हंजे..."

"मला इंग्लिश येतं," हवालदार म्हणाले.

आतून मालूबाई हात पुसत बाहेर आल्या. बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी तोफगोळ्याची हकीकत इतक्या वेळा ऐकली होती की एखादा शब्द चुकला तर त्या दुरुस्त करत. "खेचर कवा आलं मधी?" त्यांनी विचारलं.

"आलं नाय. घातलं कुणीतरी."

शिवाभाऊ चुगलखोर नव्हते. पण आयुष्यभर सात-बाराचे उतारे ज्याला मागेल त्याला देत आल्यामुळे, नोंद ही सार्वजनिक असते अशी त्यांची पक्की समजूत होती. संध्याकाळी हवालदार दाढी करायला गेले तेव्हा न्हाव्याने वस्तरा लावता लावता विचारलं, की लाथ घोड्याची वाईट की खेचराची. भाजीवालीने पायाला तेल चोळायला सांगितलं. जे हसले त्यांचं हवालदारांना फारसं काही वाटलं नाही. हसणाऱ्याकडे रोखून बघता येतं. पण काही जणांना खरोखरच वाईट वाटलं होतं, आणि त्यांचं काय करायचं ते लष्करात शिकवलेलं नव्हतं. एका गृहस्थाने तर भर रस्त्यात पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून स्वतःला म्हशीने लाथ मारलेली जागा दाखवली आणि म्हणाला, "आपलं दोघांचं दुखणं एकच, हवालदार."

त्या दिवशी हवालदार जेवले नाहीत. म्हणजे भाकरी खाल्ली, पण भात घेतला नाही.

खरी चीड वेगळीच होती. हवालदार होते पायदळाचे. पूंछच्या बाजूच्या डोंगरात ते बंदूक घेऊन चालत चढले होते. खेचरांचा आणि त्यांचा संबंध एवढाच, की खेचरं पाठीवरून रेशन आणीत आणि ते खात. खेचरांची कंपनी निराळी, माणसं निराळी. समजा कागदावर 'डोंगरावरून पडून जखम' असं लिहिलेलं असतं तर एकवेळ चाललं असतं. डोंगर मोठा असतो.

"अर्ज करू," शिवाभाऊ दुसऱ्या दिवशी म्हणाले. अर्जाचा कच्चा मसुदा ते घरूनच घेऊन आले होते. वर लिहिलं होतं: 'विषय: माझ्या नोंदीतील लाथ काढून टाकणेबाबत.' खाली अडीच पानांचा मजकूर होता. त्यात 'सबब', 'उपरोक्त' आणि 'सदरहू' हे शब्द इतक्या वेळा आले होते की हवालदार नेमके कुठे जखमी झाले ते सापडत नव्हतं. "ते मुद्दाम," शिवाभाऊंनी समजावलं. "सगळं पहिल्या पानात कळलं तर सायब पुढं वाचीत नाय."

पेणला महिन्यातून एका बुधवारी माजी सैनिकांसाठी एक टेबल लागत असे. टेबलाच्या त्या बाजूला भूमिका मॅडम म्हणून एक चाळिशीच्या बाई बसत. बाई मनाने चांगल्या, पण त्यांच्या हातात होते ते फक्त फॉर्म. त्यांनी अडीच पानं वाचली, विषयाची ओळ दोनदा वाचली आणि एक फॉर्म पुढे केला. जनावरामुळे झालेल्या जखमेच्या नोंदीत बदल हवा असेल तर तोच फॉर्म लागतो असं त्या म्हणाल्या. त्यात सातवा रकाना होता: लाथ मारणाऱ्या जनावराचा क्रमांक.

"लाथ मारलीच नाय, तर क्रमांक कुठला?" हवालदारांनी विचारलं.

"रकाना मोकळा ठेवला तर अर्ज परत येतो, काका."

बरोबर आलेले शिवाभाऊ हळूच म्हणाले, "टाका कायतरी. एकशे बारा लिवा. खेचर काय बघायला येतंय?"

हवालदारांना ते पटलं नाही. ज्याने काही केलेलं नाही अशा जनावरावर आळ घ्यायचा, हे त्यांच्या शिस्तीत बसेना. बराच विचार करून त्यांनी रकान्यात लिहिलं: 'सदर खेचराशी माझा कधीही परिचय नव्हता.'

दीड महिन्याने अर्ज परत आला. सातव्या रकान्याला लाल वर्तुळ होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'क्रमांक नमूद करावा.'

आता अष्टमीत सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं, माहितीचा अधिकार लावा. कुणी म्हणालं, आमदारांना भेटा. पण बायजामावशी म्हणून मागच्या गल्लीत एक म्हातारी होती, तिने सगळ्यांत सोपं सांगितलं. "तुकडा मांडीत हाय ना रे, म्हयपती? मंग त्याचा फोटू काड आनि दे धाडून." लष्कराच्या डॉक्टरने एक बारीक कण आत राहिल्याचं तेव्हा खरंच सांगितलं होतं. हवालदारांना वाटलं, हे आपल्याला कसं सुचलं नाही. रोह्यातल्या एका दवाखान्यात जाऊन त्यांनी एक्स-रे काढला. फोटो बघून ते खूश झाले. काळ्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. शत्रूचा माल, अजून जागच्या जागी.

संध्याकाळी रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं: 'जुना धातूचा तुकडा. बहुधा इंजेक्शनची मोडलेली सुई.'

तोफगोळ्याची लाथ झाली होती, आता लाथेची सुई झाली. हवालदार डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. ते म्हणाले, "आजोबा, धातू आहे एवढं नक्की. तो पाकिस्तानचा आहे की कंपाउंडरचा, ते मशीन सांगत नाही."

मग साक्षीदार राहिले. हवालदारांच्या तुकडीतले बहुतेक जण वारले होते. साताऱ्याकडच्या एकाचा नंबर नूतनने खटपट करून मिळवला. हवालदारांनी फोन लावला, पोटभर ओळख सांगितली. मग तो गृहस्थ म्हणाला, "महिपती भगत? अरे, तू मेलास ना तिथं?" हवालदारांनी नाही म्हणून सांगितलं. त्याला ते खरं वाटलं नाही. अशा माणसाची साक्ष अर्जाला जोडली तर पेन्शन बंद होईल, असं शिवाभाऊंचं मत पडलं.

शेवटी भूमिका मॅडमनीच वाट काढली. लाथेचं नाव काढू नका, नुसतं मेडल मागा, त्याला सातवा रकाना नाही, असं त्यांनी सुचवलं. हवालदारांनी एका पानाचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. तीन महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसातून उत्तर आलं, आणि नूतनने ते आधी मनात वाचलं.

"बाबा, बसा."

"वाच."

"ते म्हणतात, एम. के. भगत यांना हे पदक चौऱ्याहत्तर साली पोस्टाने पाठवलेलं आहे. पोचपावतीवर सही आहे. दुसऱ्यांदा मागणी का केली याचा खुलासा एक महिन्यात करावा."

मालूबाई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे पोस्टात नाय ते. पोचलं."

"कुठं पोचलं?"

नूतनने पत्ता वाचला. मुक्काम पोस्ट जिते, तालुका पेण.

हवालदार खुर्चीत मागे टेकले. पन्नास वर्षं ते काश्मीरपासून रोह्यापर्यंतच्या टपालखात्यावर डूख धरून होते, आणि मेडल होतं रोहा-पनवेल गाडीच्या वाटेवर. त्या स्टेशनावरून ते शेकडो वेळा गेले होते. एकदा तर तिथे गाडी थांबली असताना त्यांनी खिडकीतून केळी घेतली होती.

"म्हंजे कुणी दुसरा एम. के. भगत तुमचं मेडल दाबून बसलाय," शिवाभाऊ म्हणाले. "मी येतो बरोबर."

"नको," हवालदार म्हणाले. "हे मी एकटा बघतो."

ते गेले ते सकाळच्या गाडीने, कोट घालून, पत्रांची फाईल काखेत धरून. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी काय बोलायचं ते ठरवलं. सुरुवात नम्र, मग सवाल, मग पत्र समोर ठेवायचं. जिते आलं तेव्हा ते सवालापर्यंत पोचले होते. स्टेशनबाहेर एकाला भगतांचं घर विचारलं. "मेडलवाले भगत? ह्या रस्त्यानं सरळ जावा," तो म्हणाला. हवालदारांनी वर पाहिलं. रस्त्याच्या तोंडाशी निळी पाटी होती: 'वीर महिपती भगत मार्ग'.

आपल्या नावाचा रस्ता जिवंतपणी बघायला मिळणं ही थोरामोठ्यांनाही न मिळणारी गोष्ट. हवालदार त्या पाटीखाली दोन मिनिटं उभे राहिले. मग आपल्याच नावावरून पाय ओढत चालू लागले. डावा पाय जरा ओढतच असे.

घराच्या अंगणात एक म्हातारी बाई खाटेवर पोह्याचे पापड वाळत घालत होती. ती इंदुबाई, घरधनीण. ओटीवर पाच-सहा गडी बसलेले, आणि मधे झोपाळ्यावर हवालदारांच्याच वयाचा, उन्हाने रापलेला, बारीक अंगाचा माणूस. जन्म मिठागरावर गेलेल्या माणसाची टाच जशी भेगाळते तशी त्याची टाच होती.

"मी अष्टमीचा," हवालदार म्हणाले. "माझं बी नाव महिपती कान्हू भगत. लष्करात होतो. रेकॉर्ड ऑफिसचं एक पत्र आलंय."

झोपाळा थांबला. त्या माणसाचा चेहरा असा उतरला की हवालदारांनी मनात तयार केलेला सवाल त्यांच्या तोंडातच राहिला. पण ओटीवरच्या मंडळींना त्यातलं काही कळलं नव्हतं. उलट त्यांना आनंद झाला. "पाव्हनं बी फौजी हायत? मंग बाबा, सांगा की लढाईची गोष्ट."

"आता नको," तो म्हणाला.

"नको कसं? पाव्हनं कवा येनार परत?"

मग त्या माणसाने सांगितली. कागदावर त्याचा हुद्दा 'ड्रायव्हर' होता, म्हणून गावाने त्याला फार वर्षांपूर्वीच रणगाड्यावर बसवलं होतं. त्या रणगाड्यातून तो उतरला, समोरून गोळा आला, मांडीत तुकडा घुसला. हवालदार ऐकत होते. त्यांना संताप आला होता, पण ऐकता ऐकता तो अधूनमधून विसरायला होत होता. गोळा येताना जी शिट्टी वाजते ती त्या माणसाने तोंडाने अशी काढली की अंगणातला कावळा उडाला. पन्नास वर्षांत हवालदारांना ती शिट्टी जमली नव्हती. मात्र सांगणाऱ्याचे डोळे सगळा वेळ हवालदारांच्या काखेतल्या फाईलवर होते, आणि गोष्ट संपत आली तसा आवाज बारीक होत गेला. शेवटचं वाक्य तर त्याने पायाच्या अंगठ्याला सांगितलं.

"आनि तुमाला काय लागलेलं, पाव्हनं?" एकाने विचारलं. "तुमी बी लंगडताव."

हवालदारांनी फाईलची दोरी सोडली होती. पत्र वरच होतं. इंदुबाई हातात पापडाचं ताट धरून दाराशी उभी होती, आणि ती हवालदारांकडे अशी बघत होती की तिला सगळं आधीपासून माहीत आहे हे त्यांना कळलं. फक्त एक कागद बाहेर काढायचा होता. त्यासाठीच ते कोट घालून आले होते.

"मला?" हवालदार म्हणाले. "मला खेचरानं लाथ मारली."

मंडळी पोट धरून हसली. एकाने मांडीवर थाप मारली. हवालदारांनी समोर आलेला चहा संपवला, पापड चांगले झालेत म्हणून इंदुबाईला सांगितलं, आणि दोरी पुन्हा बांधून निघाले.

स्टेशनावर बाकावर बसल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. दीड वर्ष जी लाथ नाकारण्यात घालवली, ती आज पाच-सहा अनोळखी लोकांसमोर आपणहून कबूल केली होती. घरी जाऊन मालूला काय सांगायचं याचा ते विचार करत होते, तेवढ्यात रुळाच्या कडेने डावा पाय ओढत जित्याचे भगत येताना दिसले. हातात पिशवी होती. जवळ येऊन ते दम खात उभे राहिले.

"ती लाथ माझी हाय," ते म्हणाले. "तुमी कशाला घेतलीत?"

हवालदार सरकून बसले. जित्याचे भगत शेजारी टेकले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते होते खेचरांच्या कंपनीत. लष्करात खेचर हाकणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याच दिवशी, त्याच इस्पितळाच्या तंबूत दोघांना आणलं होतं, आणि यादी करणाऱ्याने दोन एम. के. भगतांच्या ओळी एकमेकांत घातल्या होत्या. "मना काय ठावं? मी रजेवर घरी आलू, तर एस्टीच्या थांब्यावर बाजा. पोस्टमननं मेडल आदी सरपंचाला दाखवलेलं. गळ्यात हार घातला, आनि माझा बापूस रडाय लागला. तवा कसं सांगनार, का मना लाथ बसली? म्हटलं, उद्या सांगू." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "तीनदा पत्र लिवलं वरती, का हे माझं नाय, परत घ्या. त्यांनी लिवलं, दिलेलं पदक परत घ्याची तरतूद नाय. मंग आपला गप बसलू. पर दर वर्साला झेंड्याला गोष्ट सांगताना वाटायचं, आज मागनं कोन तरी उठंल आनि म्हनंल, ती माझी हाय. आज तुमी आलाव. आनि उठलाव नाय."

त्यांनी पिशवीतून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं मेडल काढलं आणि हवालदारांच्या मांडीवर ठेवलं.

हवालदारांनी ते उलगडून पाहिलं. मग पुन्हा नीट गुंडाळून परत दिलं. "असं पिशवीतून नाय घ्यायचं," ते म्हणाले. "कागदानं गेलंय, कागदानंच येऊ द्या. मला मेडलापेक्षा ती लाथ काढायची हाय नोंदीतनं."

"कागदानं म्हंजे गावाला कळंल."

"कळंल. तुमची मर्जी असंल तर. नाय तर ऱ्हाऊ द्या. लाथ घेतली एकदा, ती घेतली."

गाडी आली. हवालदार चढले. गाडी हलल्यावर जित्याचे भगत खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "बुधवारी पेनला किती वाजता याचं?"

त्या बुधवारी भूमिका मॅडमच्या टेबलासमोर दोन महिपती कान्हू भगत बसले. मॅडमनी दोन्ही अर्ज वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"यांच्या नोंदीतली लाथ काढायची," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि यांच्या नोंदीत घालायची?"

"व्हय," दोघे म्हणाले.

"माझ्याकडे लोक लाथ काढायलासुद्धा पहिल्यांदाच आले होते, काका. लाथ मागायला अजून कुणी आलं नव्हतं."

याला फॉर्मच नव्हता. पण बरोबर आलेल्या शिवाभाऊंना त्या दिवशी जी स्फूर्ती आली ती नोकरीतही कधी आली नसेल. "हा फेरफार हाय, मॅडम," ते म्हणाले. "एकाच्या नावावरचं दुसऱ्याच्या नावावर. दोघांची संमती हाय, कब्जा ज्याचा त्याच्याकडं हाय. फेरफारासारखं लिवा." मॅडमनी तसं लिहिलं. रेकॉर्ड ऑफिसला बहुधा ते नीट समजलं नाही, पण नाकारण्यासाठीही समजावं लागतं. त्यांनी एवढंच कळवलं की अर्जदार क्रमांक दोन यांना खरोखर लाथ बसली होती याचा पुरावा द्यावा, आणि सातव्या रकान्यात जनावराचा क्रमांक लिहावा.

मॅडमच्या टेबलावर पुन्हा तोच फॉर्म आला आणि हवालदार खुर्ची मागे सरकवून बसले. सातवा रकाना त्यांना एकदा भोवला होता. पण जित्याच्या भगतांनी पेन मागून घेतलं आणि क्षणाचाही विचार न करता आकडा लिहिला. "चारशे अठरा," ते म्हणाले. "खुरावर डागलेला व्हता. आमी तिला जमुना म्हनायचो. कामाला चांगली व्हती, फकत डावीकडं उभं ऱ्हायचं नाय."

"आणि तुम्ही राहिलात," मॅडम म्हणाल्या.

"गोळा पडला ना जवल. मी तिच्या आडोशाला गेलू."

आता लष्करात माणसांचे कागद जसे ठेवतात तसे जनावरांचेही ठेवतात, आणि जनावर स्वतः अर्ज करत नसल्यामुळे ते फारसे हाताळले जात नाहीत. चार महिन्यांनी जमुनेच्या नोंदीची प्रत आली. उंची, रंग, खुराचा क्रमांक, खुराक, सगळं सुवाच्य अक्षरात. स्वभावाच्या पुढे लिहिलं होतं, 'लाथ मारते.' आणि त्या तारखेला: 'ड्रायव्हर भगत यास लाथ मारून जखमी केले. ड्रायव्हर इस्पितळात.' ड्रायव्हरचा लष्करी क्रमांक पूर्ण होता. त्याखालच्या ओळीत खेचराला दोन दिवस विश्रांती दिल्याचं लिहिलं होतं. माणसांच्या यादीत दोघांच्याही ओळी चुकलेल्या, आणि खेचराच्या नोंदीत काना-मात्रेची चूक नव्हती. शिवाभाऊंनी ती प्रत दोनदा वाचली आणि असं रेकॉर्ड आपल्या तालुक्यात पाहायला मिळालं नाही म्हणून कबूल केलं.

हुकूम आला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. लाथ निघाली, तोफगोळा आला. पदक चार लोकांसमक्ष सोपवावं असं त्यात लिहिलं होतं. हवालदार म्हणाले, मॅडमच्या टेबलावर देऊ, कुणाला कळायला नको. पण जित्याचे भगत ऐकेनात. "जितं बाजा वाजला तितंच देयाचं," ते म्हणाले. त्यांना आता थांबवत नव्हतं.

सव्वीस जानेवारीला सकाळी जित्याच्या शाळेच्या मैदानावर झेंडा झाला. मालूबाई नवं लुगडं नेसून इंदुबाईच्या शेजारी बसल्या होत्या. जित्याचे भगत नेहमीप्रमाणे गोष्ट सांगायला उठले. हवालदारांचे तळहात घामाने ओले झाले. पूंछला झाले नव्हते इतके.

"मी रनगाडा चालवला नाय," भगत म्हणाले. "मी खेचर चालवलं. आनि मना गोला लागला नाय. खेचरानं लाथ मारली. गोला लागला तो ह्या पाव्हन्यांना, आनि मेडल चुकून माझ्या घरी आलं. पन्नास वर्सा मी गप ऱ्हायलू. चुकलं माझं."

सरपंच झेंड्याच्या दोरीकडे बघत होते. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने कानामागे हात धरला होता. त्याने बाजूच्याला विचारलं काय झालं, आणि कळल्यावर मोठ्याने म्हणाला, "मंग लाथ नेमकी कशी बसली, ते तरी सांग."

भगतांनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी मान डोलावली. आणि मग त्या माणसाने जी गोष्ट सांगितली, तिला पन्नास वर्षं आत दाबून ठेवल्याची गंमत होती. जमुना कान कसे मागे पाडते, गोळा पडल्यावर सगळी पलटण आडवी होते आणि एकटी जमुना उभी राहते, आणि तिच्या आडोशाला आलेल्या आपल्याच ड्रायव्हरकडे ती वळून कशी बघते, हे सगळं त्याने करून दाखवलं. पोरं जमिनीवर लोळली. गुरुजींना डोळे पुसावे लागले. हवालदार इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली आणि मालूबाईंना पाणी घेऊन यावं लागलं.

मग भगतांनी मेडल त्यांच्या कोटाला लावलं. इंदुबाईने ते पन्नास वर्षं दर सणाला चिंचेने घासलं होतं. त्यावरची अक्षरं जवळजवळ गुळगुळीत झाली होती, पण चकाकी अशी की नव्याला नसेल. हवालदारांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, छातीकडे एकदा बघितलं.

"मला एक बारीक तुकडा लागला," ते म्हणाले. "फार काय नाय." आणि बसले.

मालूबाईंनी इंदुबाईकडे बघितलं.

चहाच्या वेळी सरपंचांनी आपली अडचण काढली. रस्त्यावरची निळी पाटी आता काढायची, की नवी करायची, की ठराव करायचा. भगत म्हणाले, काढा. हवालदार म्हणाले, राहू द्या. शेवटी सरपंचांच्या लक्षात आलं की पाटीवर नुसतं महिपती भगत लिहिलेलं आहे आणि तेवढं दोघांनाही लागू आहे. तो विषय तिथेच संपला.

इंदुबाईने जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. दुपारच्या गाडीला हवालदार आणि मालूबाई स्टेशनावर आले तेव्हा गाडीला पंधरा मिनिटं होती. बाकावर नागोठण्याला जाणारं एक मध्यमवयीन जोडपं बसलं होतं. त्यातल्या बाईची नजर हवालदारांच्या कोटावर गेली.

"काका, हे कशाचं मेडल?" तिने विचारलं.

हवालदारांनी कोट सारखा केला, डावा पाय लांब केला आणि घसा साफ केला. "त्याचं काय झालं," ते म्हणाले, "आम्ही पूंछच्या डोंगराच्या पायथ्याशी पोचलो, तो दिवस होता शुक्रवार..."

मालूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या गृहस्थांना विचारलं, ही गाडी चुकली तर रोह्याकडे पुढची किती वाजता आहे.